मखरातली मोटार

‘अहो, ती कॉन्सेप्ट कार आहे. मागची काच नाही म्हणून काय ओरडता? ती थोडीच रस्त्यावर येणार आहे!’ जग्वारच्या टाइप ०० या गाडीबद्दल जरा वाकडं बोललं की हे उत्तर तोंडावर मारलं जातं. डिझाइन शिकणारी मुलं हे म्हणतात, गाड्यांवर लिहिणारे म्हणतात, आणि जग्वार टाटांची असल्यामुळे, टाटांच्या कुठल्याही वस्तूची बाजू घेणं हे घरचं कार्य मानणारी पुण्या-मुंबईतली मंडळी तर फारच तावातावाने म्हणतात. उत्तर ऐकायला समंजस आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा. या एका वाक्याच्या आडोशाने आलिशान विजेच्या गाड्यांच्या डिझाइनमध्ये गेली काही वर्षं जे चाललंय, त्याबद्दल कोणी प्रश्नच विचारेनासं झालंय.

मला भलत्याच गोटात कोणी ढकलू नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत ही गाडी दाखवली गेली, एक गुलाबी आणि एक निळी. त्याच्या दोनेक आठवडे आधी कंपनीची एक जाहिरात आली होती. तीत भडक कपड्यांतली माणसं होती आणि गाडी एकही नव्हती. त्यावरून जो धुरळा उडाला, इलॉन मस्क यांनी ‘तुम्ही गाड्या विकता का’ असा जो चिमटा काढला, गुलाबी रंगावरून जे विनोद झाले, त्यांत डिझाइनची समीक्षा औषधालाही नव्हती. गुलाबी रंगाने गाडीचं काही बिघडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये युरोपात जग्वारच्या अवघ्या ४९ गाड्या नोंदल्या गेल्या, हा आकडाही असाच नाचवला गेला. कंपनीने आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांचं उत्पादन जाणूनबुजून थांबवलं होतं. विकायला गाड्याच ठेवल्या नाहीत, तर विक्री पडणारच. त्यात टाळ्या पिटण्यासारखं काय आहे?

आणखी एक आक्षेप फार घेतला जातो तो बॉनेटचा. विजेच्या गाडीला इंजिन नसतं, मग हे लांबच लांब बॉनेट कशासाठी? हा खोटेपणा नाही का? मला हाही आक्षेप पटत नाही. पुढचं चाक आणि दरवाजा यांच्यामधलं अंतर हे मोटारीच्या डिझाइनमधलं श्रीमंतीचं जुनं माप आहे. लांब इंजिन उभं बसवून मागची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांत ते आपोआप पडत असे, आणि डोळ्यांना त्याची सवय झाली. जग्वारनेच २०१८ मध्ये आय-पेस काढून ते माप मोडून दाखवलं होतं. इयन कॅलम यांच्या हाताखाली झालेलं तिचं डिझाइन अगदी प्रामाणिक होतं: इंजिन नाही तर बॉनेट आखूड, माणसं पुढे सरकवलेली, आतली जागा ऐसपैस. २०१९ मध्ये तिने वर्ल्ड कार ऑफ द इयरसह एकाच वर्षी तीन जागतिक पुरस्कार घेतले. पण खरेदीदारांच्या रांगा काही लागल्या नाहीत. आणि लांब बॉनेटमध्ये विजेच्या गाडीने काही घालू नये असाही नियम नाही. मासेरातीच्या ग्रानटुरिस्मो फोल्गोरेत बॅटरी नेहमीसारखी सगळ्या फरशीखाली पसरलेली नाही. ती मुख्यतः मधल्या बोगद्याभोवती, इंग्रजी टी अक्षराच्या आकारात बसवली आहे. त्यामुळे माणसं खाली बसतात आणि गाडीची उंची पेट्रोलच्या भावंडाएवढीच राहते. तेव्हा टाइप ००चं बॉनेट लांब आहे याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती बचावाबद्दल. ‘ही नुसती कल्पना आहे, हिला प्रवासाचे निकष लावू नका’ हा युक्तिवाद एखाद्या तीनचाकी खेळण्याबद्दल किंवा उडत्या मोटारीबद्दल केला असता तर मी गप्प बसलो असतो. पण टाइप ०० ग्रँड टूररच्या थाटात मिरवते, आणि ग्रँड टूररबद्दल तो करता येत नाही. मोटारींच्या दुनियेत शर्यतीसाठी गाड्या आहेत, ओझ्यासाठी आहेत, गावात मिरवण्यासाठी आहेत. ग्रँड टूरर ही जात एका कामापुरती जन्माला आली: दोन माणसं आणि त्यांचं सामान एका दिवसात अर्धा खंड ओलांडून न्यायचं, भरधाव न्यायचं, आणि पोचल्यावर त्यांना जेवायला बसण्याइतपत ताजं ठेवायचं. १९५१ ची लान्चिया ऑरेलिया बी२० जीटी या जातीची मूळ गाडी मानतात. त्याच वर्षी इटलीच्या मिले मिलिया या हजार मैलांच्या रस्त्यावरच्या शर्यतीत ती सगळ्यांत दुसरी आली, आणि तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्या मागे राहिल्या. हे काम काढून घेतलं की उरतो तो नुसता आकार.

जग्वारचा स्वतःचा इतिहास याबाबतीत सगळ्यांत बोलका आहे, आणि कंपनीच्या नव्या वकिलांना नेमका तोच अडचणीचा वाटतो. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात जग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी एक्सके१२० ठेवली. ती जवळजवळ शोभेचीच होती. नव्या इंजिनाची जाहिरात व्हावी म्हणून घाईने केलेली, थोड्याच गाड्या बनवू असा हिशेब. आजच्या भाषेत तिला कॉन्सेप्टच म्हणाले असते. लोक तिच्यावर तुटून पडले तेव्हा लायन्स यांनी काय केलं? मे १९४९ मध्ये पत्रकारांना बेल्जियममधल्या याबेकच्या सरळ रस्त्यावर नेलं आणि गाडी ताशी २१० किलोमीटरच्या पुढे पळवून दाखवली. १९५२ मध्ये पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या ट्रॅकवर याच जातीची एक बंद कूपे सात दिवस आणि सात रात्री चालवली गेली, सरासरी ताशी शंभर मैलांच्या वर, आणि चालवणाऱ्या चौघांत स्टर्लिंग मॉस होते. सुंदर गाडी दाखवायची आणि लगेच तिला राबवायची, अशी ही रीत होती.

मार्च १९६१ ची ई-टाइपची गोष्ट तर गाड्यांचं वेड असलेल्या प्रत्येकाला पाठ असते. जिनिव्हात पत्रकारांसमोर गाडी यायची होती. कंपनीचे बॉब बेरी ती जग्वारच्या कॉव्हेंट्रीहून स्वतः चालवत घेऊन गेले आणि कार्यक्रमाला जेमतेम पोचले. गाडी बघायला आणि तिच्यात बसायला एवढी झुंबड उडाली, की लायन्स यांनी इंग्लंडला निरोप धाडून दुसरी मागवली. कंपनीचे चाचणी चालक नॉर्मन ड्युइस रातोरात उघड्या टपाची ई-टाइप हाणत आल्प्सच्या पायथ्याशी हजर झाले. जगातली सर्वांत देखणी मोटार म्हणून जिचं नाव आजही घेतात, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने जिला १९९६ मध्ये आपल्या कायमच्या संग्रहात घेतलं, ती आपल्या समारंभाला प्रवास करून आली होती. तिचा आकार मॅल्कम सेयर यांचा. ते विमानाच्या कारखान्यातून आलेले, वक्ररेषा डोळ्यांनी न ठरवता गणिताने ठरवणारे. त्या आकाराला सौंदर्य वाऱ्याने दिलं होतं. या पार्श्वभूमीवर टाइप ००ची मिरवणूक बघा: आधी मायामीतला कलेचा आठवडा, मग पॅरिसमधला फॅशनचा आठवडा.

आता मखरात काय काय मांडलंय ते पाहू. आत सव्वातीन मीटरच्या आसपास लांबीचा, हाताने घासूनपुसून केलेला पितळी कणा आहे. बसायच्या जागा ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या चौथऱ्यावर टेकल्यासारख्या आहेत. दरवाजे फुलपाखरासारखे वर उघडतात. पुढच्या चाकांच्या मागे दोन्ही बाजूंना पितळी पट्ट्या आहेत, त्या सरकल्या की आतून मागचं बघणारे कॅमेरे बाहेर येतात. पट्टीवर उडी मारणारा जग्वार कोरलेला. कारागिरी उत्तम आहे, हे कबूल. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तसं, नाव दूरच्या प्रवासाचं आणि हाती पितळेचा कणा. गाडी लोकांपुढे ठेवताना पितळ किती लांब आहे हे सांगितलं गेलं. दोन माणसांचं आठवडाभराचं सामान कुठे ठेवायचं, हे कोणी सांगितलं नाही.

मागच्या काचेवर मी जरा थांबणार आहे, कारण बचाव करणाऱ्यांना ती सगळ्यांत क्षुल्लक वाटते. ‘कॅमेरा आहे की! आरशापेक्षा जास्तच दिसतं.’ जास्त दिसतं हे खरं, पावसात आणि अंधारात तर नक्कीच. पण डोळ्यांच्या बाजूने विचार करा. तीस मीटर मागे असलेला ट्रक आरशात बघताना डोळ्यांच्या भिंगाच्या लेखी तो तितक्याच अंतरावर असतो. नजर समोरच्या रस्त्यावर लावलेली असते, ती आरशात तशीच्या तशी चालते. पडदा मात्र साठ-सत्तर सेंटीमीटरवर असतो, आणि ट्रक त्या पडद्यावर छापलेला असतो. दरवेळी भिंगाला दूरवरून जवळ आणि जवळून दूर असं जुळवून घ्यावं लागतं. विशीतल्या डोळ्यांना ते कळतही नाही. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना ते वयागणिक अवघड होत जातं. त्या वयात दूरचा चष्मा लावून बसलेल्या माणसाला तो पडदा धूसर दिसू शकतो. आणि लाख पौंडांच्या वरची गाडी घेणारी माणसं बहुतेक कोणत्या वयाची असतात? म्हणजे ज्यांच्यासाठी ही गाडी, त्यांच्याच डोळ्यांची गैरसोय. शिवाय आरशात बघताना डोकं थोडं हलवलं की बाजूचं काही अधिक दिसतं, मागच्या गाडीच्या अंतराचा अंदाज येतो. पडद्यापुढे मान कितीही हलवा, चित्र तेच.

पोलस्टार ४ या विकत मिळणाऱ्या गाडीलाही मागची काच नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे निदान त्याबदल्यात काही मिळालं. काच काढल्यामुळे छताची मागची तुळई मागच्या प्रवाशांच्या डोक्यांमागे नेता आली, आणि उतरत्या छताखाली त्यांना ताठ बसायला जागा मिळाली. तो सौदा मला मान्य नसेल, पण तो सौदा आहे. टाइप ००च्या दोन दारांच्या देहात काच घालवून कोणाला काय मिळालं? पाठ अखंड, नितळ दिसते, एवढंच.

चाकांचंही असंच. ती तेवीस इंची आहेत. (ई-टाइपची पंधरा इंची, तारांची होती, आणि ती कुठून बुटकी वाटतात?) एवढी चाकं का लागतात याचं खरं कारण फार कोणी सांगत नाही. फरशीखाली बॅटरीचा थर आला की माणसं वर उचलली जातात, गाडीची कूस जाड होते. ती जाडी डोळ्यांना खुपू नये म्हणून चाकं फुगवायची, खिडक्या चिंचोळ्या करायच्या, बॉनेट ताणायचं. दृष्टिभ्रम म्हणून हे हुशारीचं आहे. पण एवढं मोठं चाक जड असतं. त्याच्यावर रबराचा थर पातळ असतो, खड्ड्याचा दणका थेट आत येतो, आणि एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर घटतं. प्रवासी गाडीचं दुखणं लपवायला प्रवासच महाग करायचा, हे डिझाइन नव्हे, रंगभूषा आहे.

पोर्शेने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. २०१५ मध्ये फ्रँकफर्टला त्यांनी मिशन ई नावाची कॉन्सेप्ट दाखवली: चार माणसं, बुटकी उंची, ८०० व्होल्टची यंत्रणा. तेव्हाही ‘हे नुसतं स्वप्न’ असं म्हणणारे होतेच. २०१९ मध्ये ती टायकान होऊन विक्रीला आली, ८०० व्होल्टसकट. छत खाली ठेवायचं आणि मागच्या माणसांचे गुडघे हनुवटीला लागू द्यायचे नाहीत, म्हणून बॅटरीच्या थरातच पावलांसाठी खळगे सोडले गेले. या एका खळग्यात मला टाइप ००च्या अख्ख्या पितळापेक्षा जास्त डिझाइन दिसतं.

‘कॉन्सेप्ट गाड्या चालवायच्या नसतातच’ म्हणणाऱ्यांसाठी तर मर्सिडीजची व्हिजन ईक्यूएक्सएक्स आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती दाखवली आणि त्याच एप्रिलमध्ये जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनहून निघून आल्प्स ओलांडून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कासीपर्यंत नेली. हजार किलोमीटरच्या वर, एकाच चार्जमध्ये, साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून, पाऊस आणि रस्त्याची कामं लागतील तशी सोसत. पोचली तेव्हाही बॅटरीत शिल्लक होती. जूनमध्ये तीच गाडी स्टुटगार्टहून इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला गेली, १,२०२ किलोमीटर. तिचे टायर अरुंद आहेत, मागची चाकं पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ आहेत, शेपूट लांब आहे. दिसायला ती थोडी पातळ, थोडी विचित्रच. पण तिच्या प्रत्येक रेषेला विचारलं की ‘तू इथे का?’, तर उत्तर मिळतं. अशी गाडी एका कंपनीने करून दाखवल्यावर दुसरीने ‘आमची नुसती कल्पना आहे हो’ म्हणून हात वर करायचे?

कॉन्सेप्ट कार या प्रकाराचा जन्मही बचाववाल्यांच्या विरोधात साक्ष देतो. १९३८ ची ब्युइक वाय-जॉब ही पहिली कॉन्सेप्ट मानतात. झाकले जाणारे दिवे, विजेच्या खिडक्या, सगळं पुढच्या काळातलं. तिचे जनक हार्ली अर्ल ती पुढे कितीतरी वर्षं रोजच्या वापरात ठेवून होते. आपण काढलेल्या चित्रात आपण स्वतः बसून ऑफिसला जायचं, याहून कडक परीक्षा कुठली?

आता राहिला सर्वांत मुरलेला युक्तिवाद: ‘या गाड्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांना सोय नकोच असते. त्यांच्याकडे आणखी चार गाड्या आहेत.’ हे ऐकलं की बेंटलीची आठवण होते. २०१९ मध्ये शंभरी साजरी करताना त्यांनी ईएक्सपी १०० जीटी दाखवली: पावणेसहा मीटरहून लांब, जवळपास दोन मीटर चाळीस सेंटीमीटर रुंद, आणि दरवाजे उघडले की तीन मीटर उंच. आत दलदलीत हजारो वर्षं पडून राहिलेलं लाकूड, द्राक्षाच्या सालीपासून केलेलं कापड, रंगात भाताच्या तुसाची राख. सातशे किलोमीटरचं आश्वासनही होतं. पण तीन मीटर वर जाणारा दरवाजा कुठल्या हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उघडणार? श्रीमंताला सोय नको असते हे अर्धसत्य आहे. त्याला दुसऱ्या कोणाला दिसणारी सोय नको असते. स्वतःच्या कमरेला, डोळ्यांना, झोपेला लागणारी सोय तो सगळ्यांत महाग दराने विकत घेतो. ग्रँड टूररचा सगळा धंदा त्यावरच उभा राहिला.

बेंटलीची एक दंतकथा इथे सांगण्यासारखी आहे. मार्च १९३० मध्ये कंपनीचे अध्यक्ष वूल्फ बार्नाटो यांनी पैज मारली की फ्रान्समधल्या कान शहराहून निघालेली ‘ब्लू ट्रेन’ कॅलेला पोचायच्या आत आपण मोटारीने लंडनमध्ये असू. पावसाधुक्यातून रात्रभर गाडी हाकून, जहाजाने खाडी ओलांडून ते लंडनच्या आपल्या क्लबात पोचले, तेव्हा ट्रेनला कॅले गाठायला अजून चार मिनिटं होती. पुढे चित्रांत आणि आठवणींत त्या शर्यतीचं श्रेय एका उतरत्या पाठीच्या देखण्या कूपेला मिळालं. प्रत्यक्षात धावली ती वेगळी, साधी चौकोनी सलून गाडी होती. ती कूपे तेव्हा बांधून पुरी झालेलीच नव्हती. २०२५ मध्ये बेंटलीने ईएक्सपी १५ ही नवी विजेची कॉन्सेप्ट काढली, तेव्हा स्फूर्ती कुणाची घेतली? त्या कूपेचीच. जिने प्रवास केला तिला आजही कोणी विचारत नाही.

जग्वारची विक्रीला येणारी गाडी टाइप ००पेक्षा निराळी असेल, चार दारांची असेल, इंग्लंडमधल्या सॉलिहलला बनेल आणि एका चार्जमध्ये ७७० किलोमीटरपर्यंत जाईल, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं. बचाववाले हेही पुढे करतात: ‘बघा, खरी गाडी व्यवहार्य असणारच आहे.’ मग दाखवलेल्या गाडीने नेमकं कशाचं वचन दिलं? दारं बदलणार, माणसांची संख्या बदलणार, तर उरलं काय? रंग, चौकोनी नाक, पितळ आणि रुबाब. आतली अवघड कामं, म्हणजे बॅटरीवर माणसं बसवूनही छत खाली ठेवणं, वारा कापणं, सामान, नजर, ही सगळी पडद्यामागच्या अभियंत्यांवर सोपवून डिझाइनर मंचावर एकटाच वाकून दाद घेणार, ही वाटणीच मला अमान्य आहे. सेयर यांच्या काळी ही दोन माणसं एकच होती.

जग्वार २००८ पासून टाटांची आहे. फोर्डकडून लँड रोव्हरसकट २.३ अब्ज डॉलरना घेतलेली. तिची एक्सएफ पुण्यात जोडलीही जात असे. टाटांचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी मराठी घरं थोडी नाहीत. त्यांना एक विनंती. वार्षिक सभेत कोणी उठून गुलाबी रंगाबद्दल विचारायला लागला तर त्याला खाली बसवा. त्याऐवजी विचारा: मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या पावलांना किती जागा आहे? मागचं बघायचा पडदा डोळ्यांपासून किती लांब आहे, आणि साठीतल्या किती चालकांवर तो तपासला? चाकं तेवीस इंची ठेवल्याने किती किलोमीटर गमावले? आणि ही गाडी मंचावर न्यायच्या आधी तुमच्यापैकी कोणी कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला नेली आहे का? उत्तरं आली तर शेअर ठेवा.